पिवळा धोत्रा : एका परदेशी रानरोपाच्या नावांचा विचार

आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम टोकास, सह्याद्रीच्या ऐन धारेवर आहुपे हे गाव वसले आहे. गावाच्या पश्चिमेस कडा तुटतो आणि आहुपे घाटाची वाट खाली मुरबाड तालुक्यात उतरते. पूर्वेस घोड नदीचे खोरे डिंभ्याच्या धरणापर्यंत व पुढे घोडेगाव-मंचरच्या सपाटीपर्यंत उलगडत जाते. वस्ती मुख्यतः महादेव कोळ्यांची. भात, नाचणी, वरई ही पिके आणि हिरड्याची वेचणी हा येथील जीवनक्रम. गावची देवराई जाणकारांना परिचित असून सभोवतालचे रान १९८५ पासून भीमाशंकर अभयारण्यात मोडते. पावसाळा सरत आला म्हणजे हे सडे व उतार पिवळे दिसू लागतात. लांबून पाहणाऱ्यास हा रंग एकच वाटतो. भाषेने मात्र त्यात केव्हाच भेद करून ठेवला आहे.

या पिवळेपणातला एक वाटा सोनकीचा. सोनकी ही सह्याद्रीचीच लेक. सूर्यफुलाच्या कुळातील सेनेसिओ वंशात वनस्पतिशास्त्र तिची गणना करते. दुसरा वाटा खुरासणीचा, म्हणजे ज्याला अन्यत्र कारळा म्हणतात त्या गळिताच्या धान्याचा. डोंगरउतारावरच्या हलक्या जमिनीत हे पीक घेतले जाते. त्याचे मूळ आफ्रिकेतील इथिओपियात, आणि त्याच्या शास्त्रीय नावात त्या देशाचे जुने नाव, ॲबिसीनिया, जतन झालेले आहे. मराठी नाव मात्र इराणकडील खुरासान प्रांताकडे बोट दाखविते. तिसरा पिवळा रंग या दोहोंनंतर उमटतो आणि त्याचा प्रांतही निराळा. धारेवरील धो-धो पाऊस आणि गर्द रान त्याला मानवत नाही. खोरे जसजसे पूर्वेकडे उघडे व कोरडे होत जाते, तसतशी त्याला हवी तशी जमीन मिळू लागते : रस्त्याची कड, नांगरून टाकून दिलेले शेत, नदीकाठचा भराव, गावकुसाबाहेरचा उकिरडा. हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत तेथे फुलणारे हे काटेरी रोप म्हणजे पिवळा धोत्रा. त्याचे मूळ मेक्सिको व आसपासच्या प्रदेशात असून लिनीअसने १७५३ मध्ये त्याला ‘आर्गेमोने मेक्सिकाना’ हे नाव दिले. प्रस्तुत विवेचन या तिसऱ्या पिवळ्याच्या नावांविषयी आहे; पहिले दोन तुलनेसाठी लागतील.

प्रथम रोपाचे वर्णन करणे इष्ट, कारण नावांचा उगम त्यातच आहे. रोप साधारण गुडघ्या-मांडीइतके वाढते. पाने निळसर हिरवी, कातरलेली, शिरांवर पांढरट पट्टे आणि दातेरी कडांना तीक्ष्ण काटे. फूल पिवळेधमक, चार ते सहा नाजूक पाकळ्यांचे. कोठेही मोडले असता पिवळा चीक येतो. फळ लांबट बोंडाचे, काट्यांनी भरलेले. पिकल्यावर ते टोकाशी उकलते आणि आतून काळसर, वाटोळे, मोहरीएवढे बी सांडते. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने हे अफूचे भावंड होय. धोत्र्याशी त्याचे काहीएक नाते नाही; धोत्रा हा वांग्याच्या कुळातला.

असे असता मराठीने त्यास धोत्रा का म्हणावे? फुलावरून म्हणावे तर धोत्र्याचे फूल लांब कर्ण्यासारखे, याचे उघड्या वाटीसारखे. पानांतही साम्य नाही. साम्य आहे ते काटेरी बोंडात, आणि दुसरे, तितकेच महत्त्वाचे, विषारीपणात. गुरे दोहोंस तोंड लावीत नाहीत. तेव्हा ‘धोत्रा’ हा शब्द येथे कुळाचे नाव म्हणून आलेला नसून ओळख आणि इशारा या दोन्ही कामांसाठी आलेला आहे. मागाहून लागलेल्या विशेषणांनी ही ओळख अधिक पक्की केली : ‘पिवळा धोत्रा’ फुलावरून, ‘काटे धोत्रा’ पानांवरून, ‘फिरंगी धोत्रा’ परकेपणावरून. चौथे नाव ‘बिलायत’ असे नुसतेच आढळते. अरबीतून फारसीमार्गे आलेल्या ‘विलायत’ या शब्दाचा मूळ अर्थ राज्य, प्रांत. पुढे ‘परमुलूख’ आणि अखेरीस ‘इंग्लंड’. मुलुखाचे नाव थेट रोपाला चिकटल्याचे हे उदाहरण मोठे गमतीचे आहे. ‘बिलायती धोत्रा’ यासारख्या जोडनावातील विशेष्य गळून विशेषण उरले असावे, असा तर्क करता येतो; तथापि तसे जोडनाव लेखी आधाराने दाखविता आल्याखेरीज तो तर्कच राहील.

अन्य भारतीय भाषांकडे पाहिले असता चित्र अधिक स्पष्ट होते. हिंदीत ‘पीला धतूरा’ आहेच. कन्नडात ‘अरसिन उम्मत्त’, म्हणजे ‘हळदी धोत्रा’. यातील ‘उम्मत्त’ हा संस्कृत ‘उन्मत्त’ या धोत्र्याच्या पर्यायातून आला. एकमेकींशी भाषाकुळाने असंबद्ध अशा भाषांनी एकच युक्ती वापरली : ओळखीच्या विषारी झुडपाचे नाव घ्यावे आणि त्यास रंग जोडावा. ही परस्परांची उसनवारी की एकाच अनुभवातून स्वतंत्रपणे सुचलेले नाव, हे ठरविणे सोपे नाही. मात्र सर्वच भाषा या वाटेने गेलेल्या नाहीत. बंगालीने काट्यावर लक्ष ठेवून ‘शियालकाँटा’, म्हणजे कोल्ह्याचा काटा, असे नाव दिले. हिंदीतील दुसरे नाव ‘सत्यानाशी’ हे तर वर्णन नव्हे, शिवी आहे. शेत बळकावणाऱ्या तणावर काढलेला तो राग. तमिळ व तेलुगूत ‘ब्रह्मदंडु’, ‘ब्रह्मदंडि’ ही नावे रूढ आहेत. येथे मराठी वाचकाने सावध राहिले पाहिजे. ‘ब्रह्मदंडी’ हे नाव मराठीतही आहे, पण ते एका सर्वस्वी वेगळ्या, एतद्देशीय झुडपाचे, ट्रायकोलेपिस वंशातल्या. दोन भाषांतील वैद्यकग्रंथ शेजारी ठेवून केवळ शब्द जुळविणारा भाषांतरकार येथे हमखास फसणार.

खुद्द ‘धोत्रा’ या आधारपदाची कथा याहून गुंतागुंतीची आहे. संस्कृत ‘धत्तूर’पासून मराठी ‘धोत्रा’, हिंदी ‘धतूरा’ हा क्रम ध्वनिदृष्ट्या सरळ आहे, आणि लिनीअसने आपल्या वंशनामासाठी, ‘डाटूरा’साठी, हाच भारतीय शब्द उचलला. परंतु या वंशातील रानटी जाती आढळतात त्या प्रामुख्याने मेक्सिको आणि अमेरिकन संयुक्त संस्थानांच्या नैर्ऋत्येकडील कोरड्या मुलुखात. मग कोलंबसाच्या शेकडो वर्षे आधीच्या संस्कृत ग्रंथांत धत्तूर कसा? हा प्रश्न नवा नाही. २००७ मध्ये आर. गीता आणि वलीद घराइबेह यांनी भाषिक, वैद्यकीय व शिल्पविषयक पुराव्याची छाननी करून, हे झुडूप इसवी सनाच्या पहिल्या सहस्रकातच नव्या जगातून जुन्या जगात आले असावे, असे प्रतिपादन केले. हे मत सर्वमान्य झालेले नाही. पण ते ग्राह्य धरले तर ‘पिवळा धोत्रा’ या नावात एक विलक्षण योग साधला आहे असे म्हणावे लागेल : परदेशी रोपाला ज्या ‘देशी’ झुडपाचे नाव दिले, तेही मुळात त्याच्याच मुलुखातले, फक्त फार आधी येऊन घरचे झालेले. शंकराच्या पिंडीवर धोत्र्याचे फूल वाहिले जाते. पिवळ्या धोत्र्यास तो मान नाही. भाषा आणि आचार या दोहोंना परकेपणा मोजण्याचे माप काळाचेच असते, भूगोलाचे नव्हे.

मायदेशी या रोपास नाव नव्हते असे नाही. नाहुआट्ल या मेक्सिकोतील भाषेत त्यास ‘चिकालोट्ल’ म्हणत आणि तेथील स्पॅनिशमध्ये ते आजही ‘चिकालोते’ म्हणून परिचित आहे. हे नाव हिंदुस्थानात पोहोचले नाही. याउलट त्याच नाहुआट्ल भाषेतील ‘टोमाट्ल’ हा शब्द स्पॅनिश व इंग्रजी असा प्रवास करीत ‘टोमॅटो’ होऊन मराठी स्वयंपाकघरात आला, ‘काकाव्हाट्ल’चा ‘कोको’ झाला. अमेरिकेतील अन्य भाषांचे शब्द पोर्तुगीजांच्या तोंडून आले : बटाटा, अननस, काजू, पपई, तंबाखू. येथे एक स्थूल नियम दिसतो. जी वनस्पती कोणी मुद्दाम हाती धरून आणली, विकली, लावली, तिचे नाव विकणाऱ्याच्या तोंडून तिच्याबरोबर आले. जी धान्याच्या पोत्यातून, जहाजाच्या भरावातून, गुराच्या खुरातून आपसूक आली, तिची ओळख करून देणारा कोणी नव्हता. तिला नाव येथल्या शब्दभांडारातूनच शोधावे लागले. पिवळ्या धोत्र्यास धोत्रा मिळाला. गाजर गवतास गाजराचे पान. हे शेवटचे तण पुण्यात १९५५ मध्ये प्रथम नोंदले गेले, म्हणजे त्याचे नामकरण अगदी अलीकडच्या काळात, बोलणाऱ्यांच्या डोळ्यांदेखत झाले. ते ना गाजर ना गवत. परंतु ‘गवत’ हे पद मराठीत वनस्पतिशास्त्रीय कुळ सांगत नसून नको असलेली हिरवळ सांगते, हे ध्यानात घेतले म्हणजे नाव चुकीचे ठरत नाही.

या नियमास अपवाद आहेत आणि ते लपविण्याचे कारण नाही. मिरची ही व्यापाराने आली, तरी तिने नाव घेतले ते ‘मरिच’ या मिऱ्याच्या संस्कृत नावाशी नाते सांगणारे. भुईमूग हे तर सर्वस्वी घरचे जोडनाव. म्हणजे व्यापारी पीक असले तरी, जेथे त्याच्या गुणासारखा गुण असलेले आधीचे पीक हाताशी होते, तेथे आयात नाव टिकले नाही. टोमॅटोस मराठीत असा जवळचा शेजारी मिळाला नाही, असे म्हणता येईल. वांगे फार दूरचे वाटले असावे. पण हे स्पष्टीकरण मागाहून सुचलेले आहे, आणि त्यावर फार भार टाकणे बरे नव्हे.

‘खुरासणी’, ‘विलायती चिंच’, ‘फिरंगी धोत्रा’ ही नावे एकत्र ठेवून पाहावीत. खुरासणी खुरासानची नव्हे, विलायती चिंच इंग्लंडात उगवत नाही (ती मुळात मेक्सिको व मध्य अमेरिकेकडची), आणि आर्गेमोने फिरंग्यांच्या युरोपातील नव्हे. तरीही या नावांना खोटे म्हणता येत नाही. त्यांत देशाचे नाव असले तरी त्याचा अर्थ ‘अमुक देशातून’ असा नसून ‘येथले नव्हे’ इतकाच आहे. कोणत्या काळी परकेपणाचा नमुना म्हणून कोणता मुलूख डोळ्यांपुढे होता, एवढीच माहिती त्यांतून मिळते. वनस्पतींच्या प्रवासाचा इतिहास लिहिणाऱ्यांनी अशा नावांवरून मूळस्थान काढण्याचा मोह टाळावा.

निवडुंगाचे उदाहरण याच्या पुढची पायरी दाखविते. मराठीतील जुना निवडुंग म्हणजे शेराच्या जातीचा, पांढऱ्या चिकाचा, तीनधारी वगैरे. अमेरिकेतून ओपुंशिया आला, तोही कोरड्या मुलुखाचा आणि बहुधा पिवळ्याच फुलांचा. त्याच्या चपट्या पेरांवरून नागाचा फडा आठवून त्यास ‘फड्या निवडुंग’ म्हणू लागले. म्हणजे पुन्हा आधारपद आणि विशेषण. पण पुढे या पाहुण्याने घरच बळकावले. आज शहरातील मराठी माणसास ‘निवडुंग’ म्हणताच अमेरिकन कॅक्टस दिसतो आणि मूळ मालकास ओळखण्यासाठी ‘तीनधारी’ हे विशेषण लावावे लागते. धोत्र्याच्या बाबतीत असे घडलेले नाही. नुसते ‘धोत्रा’ म्हटले तर अद्याप जुनाच धोत्रा समजला जातो. कारण बहुधा धार्मिक उपयोगात असावे. देवाला लागणारे नाव सहसा हातचे जात नाही.

आता संस्कृत नावाकडे वळावयास हवे, कारण येथे केवळ शब्दकुतूहलाचा प्रश्न उरत नाही. आयुर्वेदाच्या अनेक अर्वाचीन पुस्तकांत पिवळ्या धोत्र्यास ‘स्वर्णक्षीरी’ म्हटलेले असते. सोन्यासारखे क्षीर असलेली : पिवळ्या चिकाच्या रोपास नाव चपखल बसते. अडचण अशी की स्वर्णक्षीरी चरक व सुश्रुत या दोन्ही संहितांत आहे, आणि त्या संहिता १४९२ च्या एक सहस्रकाहूनही अधिक आधीच्या. तेव्हा त्यांतील स्वर्णक्षीरी ही आर्गेमोने असणे शक्य नाही. ती दुसरी कोणती तरी चिकाची वनस्पती होती, जिची ओळख परंपरेत पुसट झाली. ओळख पुसली गेली तरी नाव ग्रंथात राहिले. नाव होते वर्णनात्मक, म्हणून ते वर्णन ज्यास लागू पडेल त्याचा त्यावर हक्क पोहोचू लागला. पिवळा चीक घेऊन आलेल्या या नव्या रोपाने ती मोकळी जागा भरून काढली. वर्णनात्मक नावांचे हेच सामर्थ्य आणि हाच धोका. रूढ नाव वस्तूस बांधलेले असते, वर्णनात्मक नाव गुणास. वस्तू बदलली तरी ते तक्रार करीत नाही. जुन्या रेचक योगात सांगितलेली स्वर्णक्षीरी म्हणून हे रोप वापरणारा वैद्य चरकाचे वचन पाळतो खरा, पण चरकाचे औषध देत नाही.

यात पौर्वात्यांचीच गफलत झाली असे समजू नये. ‘आर्गेमोने’ हे नावही असेच उसने आहे. ग्रीक ‘आर्गेमा’ म्हणजे डोळ्यातील पांढरा डाग, फूल. त्यावर उपयोगी म्हणून प्राचीन ग्रीक व रोमन वैद्यकग्रंथांत ‘आर्गेमोने’ नावाच्या एका वनस्पतीचा उल्लेख आहे. ती जुन्या जगातील, बहुधा अफूसारख्या रानरोपांपैकी. लिनीअसने ते प्राचीन नाव अमेरिकन वंशास बहाल केले. म्हणजे एकाच मेक्सिकन रोपाच्या माथी पूर्वेने एक आणि पश्चिमेने एक असे दोन जुने वैद्यकीय मुकुट चढविले, आणि दोहोंचे मूळ धनी वेगळेच होते.

ग्रीक नावातील नेत्ररोगाचा निर्देश आज कटू वाटतो. पिवळ्या धोत्र्याच्या बियांच्या तेलात सँग्विनॅरिन व डायहायड्रोसँग्विनॅरिन ही विषारी द्रव्ये असतात. हे बी मोहरीसारखे दिसते आणि मोहरीच्या हंगामाच्या सुमारासच पिकते. ते मोहरीत मिसळले वा मिसळविले गेले म्हणजे त्या तेलाने साथीचा शोफरोग उद्भवतो. पाय सुजतात, श्वास लागतो, हृदय दुबळे होते, आणि काही रोग्यांस काचबिंदू होऊन दृष्टी जाते. कलकत्त्यात १८७७ मध्ये या साथीची नोंद झाली, तेव्हा कारण कोणास ठाऊक नव्हते. तेलातील भेसळीकडे संशय वळण्यास पुढे जवळजवळ अर्धे शतक जावे लागले. कारण समजून चुकल्यावरही १९९८ मध्ये दिल्लीत मोठी साथ येऊन साठांच्या आसपास माणसे दगावली. महाराष्ट्राच्या स्वयंपाकात तेल परंपरेने तीळ, करडई, खुरासणी, पुढे भुईमूग यांचे. मोहरी येथे फोडणीपुरती. म्हणून या साथींचा जोर मोहरीचे तेल खाणाऱ्या उत्तर व पूर्व भारतात अधिक दिसतो.

वर दिलेली नावे या संदर्भात पुन्हा वाचून पाहण्यासारखी आहेत. पिवळा धोत्रा, काटे धोत्रा, शियालकाँटा, सत्यानाशी, अरसिन उम्मत्त : फूल, काटा, बोंड, राग, परकेपणा, सारे काही त्यांत आले. यांपैकी एकाही नावात बी नाही, एकाही नावात मोहरी नाही. नावे ठेवली ती शेतात वावरणाऱ्याने, ज्याच्या पायात काटा मोडत होता आणि ज्याला गुरे सांभाळावयाची होती. घाण्यावर बसणाऱ्याने ठेवली असती तर कदाचित ‘रानमोहरी’सारखे एखादे नाव निघाले असते, आणि तेही दुधारी ठरले असते, कारण ‘रान-’ हा उपपद लावलेली पुष्कळ वनस्पती माणूस निःशंकपणे खातो. ‘धोत्रा’ या पदातील इशारा रोपापुरता पोहोचला, बीपर्यंत पोहोचला नाही.

रंगवाचक पदांविषयी एक मुद्दा राहिला, आणि तो आहुप्याच्या उताराशी पुन्हा जोडता येतो. मराठीत पिवळ्या फुलास दोन प्रकारे नाव पडते. एक ‘सोन’ घेऊन : सोनकी, सोनचाफा, सोनसावर. दुसरा ‘पिवळा’ घेऊन : पिवळा धोत्रा, पिवळी तिळवण, पिवळा कण्हेर. पहिल्या प्रकारात कौतुक आहे, दुसऱ्यात वर्गवारी. ‘पिवळा’ नेहमी आधीच्या एखाद्या नावास लागतो आणि ‘तो नव्हे, हा’ असे सांगतो. ‘सोन’ मात्र नावाच्या पोटात शिरतो. ‘सोनकी’त तर दुसरे पद उरलेलेच नाही. हा भेद देशी-परदेशी असा काटेकोर नाही. तिळवण येथे पूर्वापार आहे आणि रस्त्याकडेला लावलेला सोनमोहर बाहेरचा. तरी परदेशाहून आपसूक आलेल्या तणास ‘सोन’ लाभल्याचे उदाहरण सहजी सापडत नाही, ही गोष्ट नोंदण्याजोगी वाटते.

या दृष्टीने आज विचार करण्याजोगी वनस्पती म्हणजे गंधकी कॉसमॉस. तीही मेक्सिकोची, पिवळ्या-नारिंगी फुलांची. बागेसाठी मुद्दाम आणली गेली आणि तेथून निसटून पुण्याभोवतालच्या टेकड्यांवर व रस्त्यांच्या कडांवर पसरली. बागेतून आली म्हणून नाव बरोबर घेऊन आली, आणि रानात गेल्यावरही तेच चालू राहिले. तिला मराठी आधारपद मिळालेले नाही. पावसाळा संपता संपता ती फुलते, म्हणजे सोनकीच्याच दिवसांत, आणि घाटमाथ्यावर सहलीस येणारा शहरी माणूस दोहोंस एकाच कौतुकाने पाहतो. तो कॉसमॉसला ‘सोनकी’ म्हणू लागला, तर ती चूक केवळ त्या माणसापुरती राहणार नाही. फड्या निवडुंगाने जे केले त्याचा आरंभ असाच झाला असला पाहिजे.

घोड खोऱ्यातील वनस्पतिनामांचा संग्रह व्हावयाचा तर तो गावोगाव, धारेपासून सपाटीपर्यंत आणि घाटाखाली मुरबाडच्या बाजूसही व्हावयास हवा. देवरायांचा अभ्यास माधव गाडगीळ व वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात केला तेव्हापासून या रानांतील वृक्षांकडे अभ्यासकांचे लक्ष गेले. कडेच्या तणांची नावे मात्र अजून फारशी कोणी विचारीत नाही. नाव विचारताना रोप हातात असावे, नुसते ‘पिवळे फूल’ म्हणून विचारू नये. नाव सांगणाऱ्याचे वय, गाव व धंदा टिपावा. हंगाम लिहावा. नाव सांगताना त्याने फूल दाखविले, बोंड दाखविले, की पान मोडून चीक दाखविला, हेही त्याच ओळीत लिहून ठेवावे.